एथ्निक स्टडीजच्या कोर्समध्ये माहिती-साक्षरता: लायब्ररीच्या एका तासापलीकडे काय करता येईल?

प्राजक्ता

नमस्कार. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीतला पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा एथ्निक स्टडीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या वांशिक समुदायांच्या इतिहासाचा आणि अनुभवांचा, तीन युनिटांचा कोर्स नव्याने बांधायचा आहे. २०२० च्या एबी १४६० कायद्याने हा विषय पदवीसाठी सक्तीचा केला. त्यामुळे वर्गात इंजिनिअरिंग, नर्सिंग, बिझनेस अशा सगळ्या शाखांची मुलं असतात, आणि बहुतेकांचा या विषयाशी हा एकच संबंध.

सध्याची रचना अशी: १५ आठवडे, ४० विद्यार्थी. पाचव्या आठवड्यात लायब्ररियन ७५ मिनिटांसाठी येतात आणि डेटाबेस कसे वापरायचे ते दाखवतात. शेवटी आठ पानांचा पेपर, अट "किमान पाच स्कॉलर्ली सोर्सेस". हाती येतं ते असं: मूळ पेपर आधीच लिहून झालेला, पाच लेख शेवटच्या रात्री शोधलेले, गोषवाऱ्यातलं एकेक वाक्य उचलून चिकटवलेलं. अस्सल साधन, म्हणजे त्या काळचा मूळ कागद, फोटो किंवा वर्तमानपत्र, कोणी उघडतच नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. माहिती-साक्षरता, म्हणजे माहिती शोधणं, पारखणं आणि वापरणं, सेमिस्टरभर पसरायची तर कुठे आणि किती? एसीआरएलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या संघटनेच्या, माहिती-साक्षरतेच्या आराखड्यातल्या सहा संकल्पना या विषयाच्या आशयाशी खरोखर जुळतात का, की नुसती सिलॅबसवरची सजावट होते? आणि ४० जणांचं मूल्यमापन कसं करायचं?

मंदार (लायब्ररियन)

लायब्ररीच्या तासाला हात लावण्याआधी असाइनमेंटचं वाक्य बदला. "किमान पाच स्कॉलर्ली सोर्सेस" ही अट या विषयात उलटी फिरते. सॅन फ्रान्सिस्को स्टेटचा संप घ्या, नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९. एथ्निक स्टडीजचं कॉलेज त्यातून उभं राहिलं. ब्लॅक स्टुडंट्स युनियन आणि थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंट या विद्यार्थी संघटनांच्या मिळून १५ मागण्या, पत्रकं, विद्यार्थ्यांची वर्तमानपत्रं, सभांचे फोटो, यांतलं काहीच पिअर-रिव्ह्यूड, म्हणजे इतर अभ्यासकांनी तपासून छापलेलं, नाही. तुमची अट पाळणारा विद्यार्थी नेमकं हेच बाजूला ठेवणार.

त्याऐवजी असं मागा: एक अस्सल साधन, ते कोणी, कधी, कशासाठी जपलं हे सांगणारी १५० शब्दांची नोंद, त्या समुदायाने स्वतः प्रसिद्ध केलेलं काहीतरी, आणि एकमेकांना उद्धृत करणारे किंवा एकमेकांशी न पटणारे दोन अभ्यासलेख. संख्या जवळपास तेवढीच, पण प्रत्येक साधनाला पेपरात नेमून दिलेलं काम आहे. काम नेमलेलं असलं की शेवटच्या रात्री शोधून भागत नाही.

आता वेळापत्रक. ७५ मिनिटं एकत्र वापरू नका, त्यांचे २० ते २५ मिनिटांचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा पुढच्या सबमिशनच्या तीन-चार दिवस आधी ठेवा. ज्याची लगेच गरज नाही ते कौशल्य आठवडाभरात विसरलं जातं.

तिसरा आठवडा शब्दांचा. चार रकान्यांचा तक्ता द्या: आज अभ्यासक वापरतात तो शब्द, समुदाय स्वतःसाठी वापरतो तो, त्या काळच्या सरकारने किंवा वर्तमानपत्रांनी वापरलेला, आणि कॅटलॉगमधलं विषयशीर्षक. उदाहरणार्थ, वॉशिंग्टन राज्यात बेलिंगहॅमला ४ सप्टेंबर १९०७ रोजी जमावाने लाकूड गिरण्यांतल्या पंजाबी कामगारांना मारहाण करून गावाबाहेर हाकललं. विद्यार्थी 'क्रॉनिकलिंग अमेरिका'त, म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मोफत वर्तमानपत्र-संग्रहात, 'साउथ एशियन' असं टाकतात आणि हाती काही लागत नाही. निष्कर्ष काढतात की पुरावाच नाही. पुरावा भरपूर आहे. फक्त त्या काळची वर्तमानपत्रं या बहुतांश शीख असलेल्या माणसांना सरसकट 'हिंदू' म्हणत, आणि तेही दोन स्पेलिंगांनी: एक आजचं, एक शेवटी दोन 'ओ' असलेलं. दोन्ही टाका, तारीख सप्टेंबर १९०७ पुरती मर्यादित करा, राज्य वॉशिंग्टन निवडा, मग बघा.

इथे आणखी एक अडचण येते ती ओसीआरची. जुना छापील मजकूर यंत्राने वाचलेला असतो, त्यात पुसट अक्षरं चुकतात, माणसांची नावं तर हमखास. म्हणून नावाने शोध फसला तर गावाचं नाव, गिरणी, तारीख यांनी शोधायचं आणि पान डोळ्यांनी वाचायचं. "शून्य निकाल" हा शोधाबद्दलचा निष्कर्ष आहे, इतिहासाबद्दलचा नव्हे, हे याच टप्प्यावर ठसवा.

तिसऱ्या रकान्यात अपमानकारक शब्द येणारच. आदल्या तासाला कल्पना द्या, वर्गात ते मोठ्याने वाचायला लावू नका, आणि स्पष्ट लिहून द्या की हे शब्द शोधपेटीत चालतील, पेपरच्या स्वतःच्या वाक्यात नाही. ही खबरदारी राहिली तर ज्या विद्यार्थ्याच्या समाजाबद्दल तो शब्द आहे त्याच्यावरच सगळा भार पडतो.

सहावा आठवडा कॅटलॉगचा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या वर्गीकरणात मूळनिवासी लोकांवरची बरीचशी पुस्तकं ई ७५ ते ई ९९ या बोधांकांत, म्हणजे अमेरिकेच्या इतिहासाच्या कपाटात जातात. आज हयात असलेल्या, स्वतःचं सरकार असलेल्या राष्ट्रांचा कायदा किंवा कला शोधणारा विद्यार्थी पुष्कळदा इतिहासाच्या रांगेत उभा राहतो. विषयशीर्षकांसाठी 'इल्लीगल एलियन्स'चं उदाहरण घ्या. २०१४ मध्ये डार्टमथ कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ते बदलण्याची मागणी लावून धरली, २०१६ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने बदल जाहीर केला, मग संसदेतून विरोध आला आणि बदल अडकला, शेवटी नोव्हेंबर २०२१ मध्ये 'नॉनसिटिझन्स' आणि 'इल्लीगल इमिग्रेशन' अशी दोन शीर्षकं आली. काही ग्रंथालयांनी तोवर वाट न पाहता आपापल्या कॅटलॉगमध्ये वेगळं शीर्षक दाखवायला सुरुवात केली होती. विद्यार्थ्यांना आपल्या आणि दुसऱ्या एका विद्यापीठाच्या कॅटलॉगमध्ये तेच पुस्तक उघडायला लावा आणि विषयशीर्षकं शेजारी ठेवून बघायला सांगा. वीस मिनिटांत कळतं की कॅटलॉग हाही माणसांनी, वाद घालत घालत बनवलेला दस्तऐवज आहे.

नववा आठवडा अस्सल साधनांचा, बारावा उद्धरणांच्या साखळीचा. त्यातल्या नवव्यावर अभिलेखागारातलं कोणी बोललं तर बरं.

अनघा

सहा संकल्पनांबद्दल. माझं मत असं की सहाही एका कोर्समध्ये कोंबू नयेत, दोन किंवा तीन पुरेत. एबी १४६० नुसार येणाऱ्या कोर्सलाही पाच क्षमतांपैकी किमान तीनच पूर्ण कराव्या लागतात. त्या तीन आधी ठरवा आणि त्यांच्याशी नैसर्गिकपणे जुळतील अशाच संकल्पना घ्या. "अधिकार घडवला जातो आणि तो संदर्भावर ठरतो" आणि "माहितीची निर्मिती ही एक प्रक्रिया आहे" या दोन तर या विषयाच्या गाभ्यातच आहेत.

दुसरीसाठी एक उदाहरण सांगते, त्यावर पूर्ण तास चालतो. दुसऱ्या महायुद्धात पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी-अमेरिकनांना छावण्यांत डांबलं, त्यातले दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक. लष्करी अधिकारी जनरल डेविट यांचा 'फायनल रिपोर्ट' या कारवाईचं समर्थन करतो. १९४३ च्या मूळ मजकुरात म्हटलं होतं की प्रश्न वेळेच्या अभावाचा नव्हताच, आणि या लोकांतले निष्ठावान आणि बेइमान वेगळे करणं अशक्यच आहे. सरकारची न्यायालयातली भूमिका मात्र "चौकशीला वेळ नव्हता" अशी होती. मूळ मजकूर त्या भूमिकेला सुरुंग लावणारा, म्हणून युद्धखात्याने तो बदलून घेतला आणि आधीच्या प्रती नष्ट करायला लावल्या. १९४४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, हलण्याचा आदेश न पाळल्याबद्दल शिक्षा झालेल्या फ्रेड कोरेमात्सू यांच्या खटल्यात, सरकारची बाजू उचलून धरली. १९८२ मध्ये आयको हर्झिग-योशिनागा यांना नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये मूळ मजकुराची एक वाचलेली प्रत सापडली. त्या स्वतः किशोरवयात छावणीत होत्या, आणि संशोधनाचं औपचारिक शिक्षण नसताना वर्षानुवर्षं कागद चाळत होत्या. ती प्रत कोरेमात्सू यांची शिक्षा रद्द करण्याच्या अर्जातला कळीचा पुरावा ठरली. १९८३ मध्ये शिक्षा रद्द झाली.

वर्गात दोन्ही आवृत्त्यांतले तेच परिच्छेद शेजारी शेजारी छापून द्या आणि तीन प्रश्न विचारा. काय बदललं? बदल कोणाच्या फायद्याचा? पहिली प्रत सापडली नसती तर दुसरीला 'अधिकृत अस्सल साधन' म्हणून आपण किती विश्वासाने उद्धृत केलं असतं? हा अहवाल सरकारी, छापील, तारीख-सहीसह आहे. साधन तपासण्याच्या नेहमीच्या यादीवर, म्हणजे ताजेपणा, प्रस्तुतता, लेखकाचा अधिकार, अचूकता, हेतू या पाच कसोट्यांवर, तो बराचसा पास होतो. ती यादी का पुरी पडत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण इथेच एक धोका आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. असे दोन-तीन तास झाले की विद्यार्थी म्हणू लागतात, "सगळीच माहिती पक्षपाती, मग कोणावरही विश्वास ठेवायचा नाही," किंवा "ज्याचा अनुभव त्याचं सत्य." दोन्ही वाक्यं आळसाची आहेत. हर्झिग-योशिनागा यांनी सरकारी अहवालावर अविश्वास दाखवून काम थांबवलं नाही; तो खोटा पाडणारा कागद शोधला. म्हणून प्रत्येक "हे साधन पक्षपाती आहे" या विधानापुढे सक्तीने दुसरं वाक्य मागा: "तरीही यातून अमुक गोष्ट खात्रीने कळते, कारण…" हे दुसरं वाक्य नसेल तर गुण नाहीत.

केदार

आकडेवारीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं. बिझनेस आणि इंजिनिअरिंगची मुलं पेपरात हमखास जनगणनेचा आलेख टाकतात, आणि तो जवळपास नेहमी चुकतो.

कारण जनगणनेतले वंशाचे वर्ग बदलत गेले. 'हिंदू' हा वंश म्हणून १९२०, १९३० आणि १९४० च्या जनगणनेत होता. 'मेक्सिकन' हा वंश म्हणून फक्त १९३० मध्ये. १९४० मध्ये तीच माणसं परत 'गोऱ्यां'त मोजली गेली. १९७० मध्ये भारतीय वंशाचे लोक गोऱ्यांत धरले गेले आणि १९८० मध्ये 'एशियन इंडियन' हा स्वतंत्र पर्याय आला. एकापेक्षा जास्त वंश निवडायची सोय २००० पासून. मार्च २०२४ मध्ये संघराज्य सरकारने निकष पुन्हा बदलले: वंश आणि हिस्पॅनिक ओळख यांचा एकच प्रश्न, आणि मध्यपूर्व-उत्तर आफ्रिका हा नवा वर्ग. शिवाय १९६० च्या आधी वंश कोणता ते दारात आलेला गणनाधिकारी ठरवून लिहीत असे.

म्हणजे १९७० ते १९८० मधली 'वाढ' काढून त्यावर परिच्छेद लिहिला तर त्यात माणसं किती वाढली आणि रकाना किती बदलला हे वेगळं करता येत नाही. असाइनमेंटमध्ये एवढंच घाला: ज्या वर्षाचा आकडा वापराल त्या वर्षाच्या प्रश्नावलीतला मूळ प्रश्न आणि त्याचे पर्याय आलेखाखाली लिहा. प्रश्नावल्या जनगणना खात्याच्या साइटवर आहेत. मूळ घरोघरच्या याद्या मात्र ७२ वर्षांनीच खुल्या होतात, त्यामुळे सध्या १९५० पर्यंतच्याच मिळतील.

शर्वरी (अभिलेखागार)

नववा आठवडा. वाचनकक्षात ४० जणांना एकाच टेबलाभोवती गोळा करू नका. दहा-दहाचे चार गट, चार टेबलं, प्रत्येक टेबलावर तीन ते पाच वस्तू, १५ मिनिटांनी फिरती. प्रत्येक वस्तूबरोबर ती ज्या संग्रहातली आहे त्याच्या सूचीचं पहिलं पान ठेवा. नुसता फोटो पाहिला तर मुलं फोटोचं वर्णन लिहितात. सूची सोबत असली की विचारू लागतात: हा संग्रह कोणी दिला, नाव कोणाचं लागलं, आणि फोटोतल्या माणसांची नावं का नाहीत?

प्रत्यक्ष संग्रह नसेल तर समुदायांनी उभे केलेले डिजिटल संग्रह वापरा. जपानी-अमेरिकनांसाठी १९९६ पासूनचं 'डेन्शो', दक्षिण आशियाई लोकांसाठी २००८ मध्ये सुरू झालेलं 'साडा'. भारतातून अमेरिकेत गेलेल्या वैष्णो दास बगाई यांच्या कुटुंबाची कागदपत्रं साडावर आहेत. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या १९२३ च्या भगतसिंग थिंद निकालाने भारतीयांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवलं, बगाईंचं मिळालेलं नागरिकत्व हिरावलं गेलं आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. निकालपत्र एका बाजूला, कुटुंबाने जपलेले कागद दुसऱ्या बाजूला, असं वाचायला द्या. विषय जड आहे, आधी सांगून द्या.

मूळनिवासी लोकांच्या साधनांबाबत वेगळा नियम शिकवायला हवा: सापडलं म्हणजे वापरता येतं असं नाही. विधींचे फोटो, गाणी, पवित्र स्थळांची माहिती पूर्वी अनेकदा परवानगीशिवाय गोळा झाली. मूळनिवासी साधनांसाठीची अभिलेख-आचारसंहिता २००६ मध्ये तयार झाली आणि अमेरिकन अभिलेखपालांच्या संघटनेने तिला २०१८ मध्ये मान्यता दिली. 'मुकुर्तू'सारख्या डिजिटल संग्रहांच्या प्रणालीत कोणी काय पाहावं हे त्या त्या समुदायाला ठरवता येतं. "माहिती मुक्त असावी" हे वाक्य विचार न करता शिकवू नका; माहितीला मूल्य असतं ही संकल्पना इथे चपखल बसते.

मुलाखती घेणार असाल तर दोन सूचना. २०१८ च्या सुधारित संघीय नियमात मौखिक इतिहास 'संशोधना'च्या व्याख्येबाहेर ठेवलेला आहे, तरी प्रत्येक विद्यापीठाचं आचारनीती मंडळ याचा अर्थ आपापला लावते, म्हणून सेमिस्टर सुरू होण्याआधी लेखी विचारून घ्या. आणि संमतीपत्रात "वर्गापुरतं" आणि "संग्रहात ठेवण्यासाठी" असे दोन वेगळे चौकोन ठेवा. कागदपत्रं नसलेल्या नातेवाइकाची मुलाखत युनिव्हर्सिटीच्या क्लाउडवर जाणं ही गंभीर बाब आहे. अशा मुलाखती घेऊच नका, हे असाइनमेंटमध्येच लिहा.

प्राजक्ता

सगळ्यांचे मनापासून आभार, बरंच काही हाती आलं. एकच पेच: लायब्ररियन सेमिस्टरमध्ये एकदाच येऊ शकतात. आणि मूल्यमापनाचं अजून कळलं नाही. एआयने बनवलेले खोटे संदर्भही यायला लागलेत.

मंदार (लायब्ररियन)

एकच भेट असेल तर ती सहाव्या आठवड्याला द्या. कॅटलॉगचा भाग बाहेरच्या माणसाने केलेला बरा. शब्दांचा तक्ता तुम्ही स्वतः घ्या, लायब्ररियनकडून तो फक्त तपासून घ्या. आपल्याकडचे डेटाबेस नेमके कुठपर्यंत जातात हेही त्याच वेळी विचारा. 'एथ्निक न्यूजवॉच'चंच बघा: मुख्य भाग १९९० पासून, त्याआधीची १९५९ पर्यंतची वर्षं वेगळ्या ऐतिहासिक भागात, आणि तो भाग सगळीकडे घेतलेला नसतो. विद्यार्थी १९७२ चा विषय घेतो, काही सापडत नाही, आणि दोष स्वतःला देतो.

मूल्यमापन पेपरवर एकगठ्ठा करू नका. शंभरपैकी तीस गुण वाटेवरच्या चार छोट्या कामांना द्या: शब्दतक्ता ५, साधनाच्या जपणुकीची नोंद १०, उद्धरणांची साखळी १०, शोधनोंदवही ५. नोंदवहीत चार गोष्टी: कुठे शोधलं, कोणते शब्द, किती निकाल, पुढे काय बदललं. शेवटचा मुद्दा कोरा असेल तर शून्य, बाकी सगळं भरलेलं असलं तरी. वाचायला माणशी दीड-दोन मिनिटं लागतात, म्हणजे ४० जणांचं तास-सव्वा तासात होतं.

उद्धरणांची साखळी म्हणजे एक लेख घ्यायचा, त्याने मागे कोणाला उद्धृत केलं ते एक आणि पुढे त्याला कोणी उद्धृत केलं ते एक शोधायचं, आणि तिघांत नेमकं काय पटत नाही ते २०० शब्दांत मांडायचं. खोट्या संदर्भांवर हाच उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो. सोबत प्रत्येक संदर्भासाठी डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक) किंवा बोधांक, पान क्रमांक आणि त्या पानावरचं एक पूर्ण वाक्य मागा. बनावट संदर्भ पहिल्याच क्लिकला उघडा पडतो. खरा संदर्भ असून पान चुकलं असेल तर लेख उघडलाच नव्हता हे कळतं.

अनघा

साखळीला एक पुरवणी. एथ्निक स्टडीजमधली काही महत्त्वाची नियतकालिकं आणि लहान छापखान्यांची प्रकाशनं मोठ्या उद्धरण-निर्देशांकांत, म्हणजे कोणी कोणाला उद्धृत केलं हे दाखवणाऱ्या डेटाबेसमध्ये, अपुरी येतात. त्यामुळे "पुढे कोणी उद्धृत केलं" याचं उत्तर शून्य आलं तर गुण कापू नका. कोणत्या निर्देशांकात शोधलं आणि ते नियतकालिक त्याच्या यादीत आहे का, एवढं तपासून लिहिलं असेल तर पूर्ण गुण द्या.